तीनदा पडलेले फिलिंग: हिरडीलगतच्या दातावरील दूषित थर आणि बाँडिंगचे अपयश

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील तापीच्या उत्तरेकडील पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावच्या दंत दवाखान्यात घडले. रुग्णाची आणि दवाखान्याची ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले आहेत. उपचारांचा क्रम आणि निर्णयांचे टप्पे मात्र जसे घडले तसेच दिले आहेत. दवाखाना एका तरुण डॉक्टरांचा आहे. एक खुर्ची, हाताखाली एक मदतनीस मुलगी आणि मागच्या बोळात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कंप्रेसर, एवढाच त्याचा पसारा. रूट कॅनलची अवघड कामे आणि वारंवार बिघडणारी फिलिंग पाहण्यासाठी मी ठरावीक दिवशी जळगावहून तेथे जातो.

रुग्ण पन्नाशीच्या आसपासच्या एक शेतमजूर बाई होत्या. वर्षभर केळीच्या बागेत काम, हंगामात कापसाची वेचणी, आणि दवाखान्यात यायचे तर एसटीने येऊन-जाऊन अख्खा दिवस मोडायचा, अशी त्यांची परिस्थिती होती. "गार पानी पिधं का दात शिवशिवतस," एवढीच त्यांची तक्रार होती. डाव्या बाजूच्या खालच्या दोन्ही उपदाढा (सुळ्यामागच्या लहान दाढा) आणि वरची पहिली उपदाढ यांच्यावर हिरडीला लागून पाचरीच्या आकाराच्या खोल खाचा पडल्या होत्या. लहानपणापासून मशेरी लावण्याची सवय होती. पुढे सुनेने ब्रश आणून दिला, तेव्हा त्या कडक ब्रशवर मशेरी घेऊन त्या आडवे घासू लागल्या. उजव्या हाताने जोर लावून घासणाऱ्यांच्या डाव्या बाजूचे सुळे आणि उपदाढा अधिक झिजलेल्या दिसतात. येथेही तेच चित्र होते. खाचेतील डेंटिन, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य कवचाखालचा थर, पिवळट तपकिरी, कठीण आणि चकचकीत झाले होते. हिरड्या सुजलेल्या होत्या, त्यांच्या कडेला दातांवर किटण साचले होते आणि प्रोबचे, म्हणजे हिरडी तपासण्याच्या बारीक सळईचे, टोक नुसते टेकवले तरी रक्त येत होते.

रक्त येणारी हिरडी ही या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची नोंद होती आणि ती पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहिलेली होती. उपचाराची आखणी करताना मात्र तिचा विचार झाला नव्हता.

अडचण

पावसाळ्याच्या सुरुवातीला तिन्ही दातांवर कंपोझिटचे, म्हणजे प्रकाशाने कडक होणाऱ्या दातांच्या रंगाच्या साहित्याचे, फिलिंग करण्यात आले. त्याच बैठकीत किटण काढले, हिरडीतून येणारे रक्त ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवलेल्या बोळ्याने थांबवले, कापसाचे रोल लावून दात कोरडे केले, 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाचे जेल लावून धुतले, बाँडिंग (फिलिंग दाताला चिकटवणारे पातळ द्रव) लावले आणि कंपोझिट भरले. महिन्याभरातच खालच्या दोन्ही उपदाढांची फिलिंग निघून आली.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आम्ल अधिक वेळ ठेवले. पकड कमी पडली आहे तर एचिंग (आम्लाने पृष्ठभाग खडबडीत करणे) वाढवावे, असा त्यांचा विचार होता. एनॅमलला, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य कवचाला, त्याने फारसा अपाय होत नाही, पण डेंटिनवर आम्ल 15 सेकंदांपेक्षा फार जास्त ठेवले तर खनिज इतक्या खोलवर विरघळते की उघड्या पडलेल्या कोलॅजनच्या (प्रथिनाच्या तंतूंच्या) जाळ्यात बाँडिंगचे रेझिन, म्हणजे त्यातला चिकट राळेसारखा पदार्थ, तळापर्यंत पोहोचत नाही. ही फिलिंगही टिकली नाहीत.

तिसऱ्या वेळी त्यांनी बाँडिंगच बदलले. विक्रेत्याने सुचवलेली एका बाटलीची, आम्ल लावून धुण्याची गरज नसलेली नवी बाँडिंग आणली आणि खालच्या पहिल्या उपदाढेवर ती वापरली. हे फिलिंग पंधरवड्याच्या आतच पडले. वरच्या उपदाढेचे पहिले फिलिंग तेवढे जागेवर राहिले होते, पण त्याच्या हिरडीकडच्या कडेने तपकिरी रेघ उमटू लागली होती.

तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि वेचणीचे दिवस भरात आले होते. बाई आल्या त्या "आता दात काढूनच टाका" असे म्हणतच. दात मुळापासून पक्के होते, आतली नस जिवंत होती. निव्वळ फिलिंग टिकत नाही म्हणून असे दात गमावण्याची वेळ येणे ही माझ्या दृष्टीने गंभीर गोष्ट होती, आणि हे प्रकरण सविस्तर लिहून काढण्याचे कारणही तेच आहे.

पडलेल्या फिलिंगची तपासणी

सुदैवाने बाईंनी शेवटचे पडलेले फिलिंग टाकून न देता कागदाच्या पुडीत बांधून आणले होते. ते ज्वारीच्या दाण्याहून लहान होते. भिंगाखाली धरल्यावर दिसले की तुकडा अखंड होता, कोठेही चिरलेला वा मोडलेला नव्हता. दाताकडची त्याची बाजू गुळगुळीत आणि चकचकीत होती, आणि बरने (दात कोरण्याच्या फिरत्या टोकाने) खाच घासताना पडलेल्या बारीक रेघांचा ठसा तिच्यावर स्पष्ट उमटला होता. हिरडीकडच्या कडेला मात्र तो ठसा पुसट होऊन तेथे करड्या रंगाचा पट्टा दिसत होता.

फिलिंग मोडून पडले असते तर दोष साहित्यात किंवा चावण्याच्या ताणात शोधता आला असता. बाँडिंगचा काही भाग दातावर आणि काही फिलिंगवर राहिला असता तर प्रकाश कमी पडला का, हे पाहावे लागले असते. येथे मात्र फिलिंग बाँडिंगसकट दातावरून सुटले होते. बाँडिंग कंपोझिटला नीट चिकटले होते, दाताला मात्र चिकटलेच नव्हते. त्यामुळे बाँडिंगचा पहिला थर दाताला टेकण्याच्या क्षणी तो पृष्ठभाग कसा होता, या एकाच प्रश्नावर सारा तपास येऊन थांबला.

पृष्ठभाग दूषित झाल्याने काय घडते

दातावर रेझिन चिकटवण्याची आजची पद्धत 1955 साली मायकेल ब्युनोकोर यांनी मांडलेल्या कल्पनेवर उभी आहे. रंग देण्यापूर्वी धातूवर फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करतात, हे पाहून त्यांनी एनॅमलवर 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले आणि त्यावर ॲक्रिलिक अधिक घट्ट बसते असे दाखवले. आम्लामुळे एनॅमलचा वरचा सुमारे 10 मायक्रॉनचा थर विरघळतो आणि त्याखाली सूक्ष्म छिद्रांचा खडबडीत भाग तयार होतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या छिद्रांत पातळ रेझिन शिरून कडक झाले की पकड बसते. डेंटिनची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण एनॅमल वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असले तरी डेंटिनमध्ये खनिज सुमारे 70 टक्के आणि उरलेले कोलॅजन व पाणी असते. तेथे आम्लाने उघडे पडलेले कोलॅजनचे जाळे रेझिनने भरून काढावे लागते. नाकाबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली वर्णन केलेला हायब्रिड थर तो हाच. त्याची जाडी जेमतेम काही मायक्रॉन असते.

आम्लाने धुतलेला पृष्ठभाग जे पहिल्यांदा स्पर्श करेल ते ओढून घेतो, आणि हेच त्याचे बळही आहे आणि दुबळेपणही. लाळेतील ग्लायकोप्रोटीन अशा पृष्ठभागावर काही सेकंदांत बसतात आणि नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने पूर्णपणे निघत नाहीत. रक्त त्याहून वाईट, कारण त्यातील प्रथिने आणि फायब्रिन छिद्रांची तोंडे बुजवतात. उघड्या डोळ्यांना एवढेच दिसते की खडूसारखे पांढरे झालेले एनॅमल पुन्हा चकाकू लागले. हवा मारून ते वाळवले तरी त्यावर बसलेला थर जात नाही, आणि वाळलेला पृष्ठभाग स्वच्छ आहे असा भ्रम मात्र होतो.

दूषितीकरण कोणत्या टप्प्यावर झाले यावर उपाय ठरतो, आणि रोजच्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट ही आहे. आम्ल लावण्यापूर्वी लाळ लागली तर फारसे बिघडत नाही, कारण पुढची धुलाई आणि आम्ल तिचा बंदोबस्त करतात. आम्ल धुतल्यानंतर आणि बाँडिंग लावण्यापूर्वी लाळ लागली तर पाण्याने धुऊन पुन्हा सुमारे 10 सेकंद आम्ल लावावे आणि परत धुवावे. बाँडिंग प्रकाशाने कडक केल्यानंतर लाळ लागली तर धुऊन, वाळवून बाँडिंगचा नवा थर द्यावा लागतो. कंपोझिटच्या दोन थरांमध्ये लागली तरी हेच करावे. तेलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते पाण्याने धुतले जात नाही आणि आम्लही त्याच्यावरून सरकते, म्हणून प्युमिस (सच्छिद्र दगडाची बारीक पूड) आणि साध्या पाण्याच्या लगद्याने पृष्ठभाग घासूनच ते काढावे लागते. ग्लिसरीन किंवा फ्लोराइड असलेली पॉलिशिंग पेस्ट यासाठी वापरू नये.

आता तिसऱ्या फिलिंगकडे पुन्हा पाहू. आम्ल लावून धुण्याच्या जुन्या पद्धतीत निदान दातावर उरलेल्या ॲल्युमिनियम क्लोराइडचा आणि रक्ताचा काही अंश पाण्याबरोबर वाहून जात होता. न धुण्याची बाटली आली आणि ती धुलाईच बंद झाली. त्यातच झीज होऊन कठीण झालेल्या डेंटिनच्या सूक्ष्म नळ्या खनिजाने आधीच बुजलेल्या असतात आणि अशा बाँडिंगचे सौम्य आम्ल तेथे फार आत जात नाही. त्यामुळे तिसरे फिलिंग सर्वांत लवकर पडले, हे नवलाचे नव्हते. बाटली वाईट नव्हती. योग्य दातावर आणि स्वच्छ पृष्ठभागावर ती चांगले काम देते. या दातावर तिने दोष झाकण्याऐवजी उघडा पाडला.

हवेची तपासणी

केवळ हिरडीचे रक्त हेच कारण मानून थांबता आले असते. परंतु डॉक्टरांनी पावसाळ्यापासून पुन्हा कराव्या लागलेल्या फिलिंगची नोंदवही समोर ठेवली तेव्हा त्यात वरच्या पुढच्या दातांची काही फिलिंग आढळली. तेथे लाळ सहसा पोहोचत नाही आणि त्या रुग्णांच्या हिरड्याही निरोगी असल्याची नोंद होती. मग पृष्ठभाग दूषित करणारे दुसरे काही असले पाहिजे, आणि ते सर्व रुग्णांच्या तोंडात सारखेच जात असले पाहिजे. अशी एकच गोष्ट होती: दात वाळवण्याची हवा.

तपासणी साधी होती. थ्री-वे सिरिंजचे, म्हणजे दातावर हवा आणि पाणी मारण्याच्या नळीचे, टोक स्वच्छ टिश्यू कागदाजवळ धरून मिनिटभर फक्त हवा मारली. कागदावर ओलसर डाग पडला. कागद पंख्याखाली ठेवल्यावर त्यातले पाणी उडून गेले, पण मध्यभागी नखाएवढी पारदर्शक खूण उरली आणि ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. ते तेल होते. मागच्या बोळात जाऊन कंप्रेसरच्या टाकीच्या तळाची तोटी उघडली, तेव्हा दुधट रंगाचे, तेल मिसळलेले पाणी बराच वेळ वाहत राहिले.

कंप्रेसर तेलावर चालणारा होता. अशा यंत्रातील पिस्टनच्या रिंगा झिजल्या की वंगणाचे तेल हवेबरोबर पुढे सरकते. हवा दाबली की तिच्यातली आर्द्रता पाणी होऊन टाकीत साचते, आणि पावसाळ्यात ते प्रमाण साहजिकच वाढते. टाकी रोज रिकामी करण्याचे काम आधीचा मदतनीस करत असे; तो सोडून गेला आणि नव्या मुलीला ते कोणी सांगितलेच नव्हते. हवेच्या नळीवरचा फिल्टरही दीर्घकाळ बदललेला नव्हता. याखेरीज निर्जंतुकीकरणानंतर हँडपीसमध्ये (बर फिरवणाऱ्या हातातल्या यंत्रात) तेलाचा फवारा मारून तो थोडा वेळ बाहेर चालवून घेण्याऐवजी तसाच दातावर नेला जात होता, हेही लक्षात आले.

अशा वेळी मदतनीसाला बोल लावणे सोपे असते. खरे तर, लिहून भिंतीवर न लावलेले काम माणूस बदलला की बंद पडते, आणि जबाबदारी वाटून न देणाऱ्या दवाखान्यात हे केव्हा ना केव्हा घडणारच.

समोर असलेले पर्याय

बाईंच्या दातांसाठी चार मार्ग विचारात घेतले.

पहिला मार्ग म्हणजे त्याच दिवशी, अधिक काळजी घेऊन, पुन्हा कंपोझिट भरणे. बाई दिवस मोडून आल्या होत्या, म्हणून डॉक्टरांचा कल इकडे होता. पण हिरडीतून रक्त येत असेपर्यंत हिरडीलगतची कड स्वच्छ ठेवणे कोणालाही जमणार नव्हते. रक्त थांबवण्यासाठी पुन्हा ॲल्युमिनियम क्लोराइड वापरले असते, तर फिरून त्याच दूषित पृष्ठभागावर येऊन पोहोचलो असतो.

दुसरा मार्ग ग्लास आयनोमर सिमेंटचा. विल्सन आणि केंट यांनी 1972 च्या सुमारास मांडलेले हे सिमेंट दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते आणि थोडी ओल सहन करते. आपल्याकडे अनेकांचा समज असा की ते ओल्या दातावरही चालते. तसे नाही. रक्ताने माखलेल्या दातावर तेही टिकत नाही आणि पहिल्या काही मिनिटांत पाणी लागले तर त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो. शिवाय ते कंपोझिटपेक्षा लवकर झिजते, आणि कडक ब्रशची सवय असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा मुद्दा दुय्यम मानता येत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे दात कोरून खाचेला आतून खोबण करणे आणि फिलिंग यांत्रिकपणे अडकवून ठेवणे. त्यासाठी निरोगी दात कापावा लागला असता, आणि दूषित पृष्ठभागाचा प्रश्न जागच्या जागी राहिला असता. तो मार्ग आम्ही बाजूला ठेवला.

चौथा मार्ग आम्ही निवडला: त्या दिवशी फिलिंग करायचेच नाही. आधी हिरड्या बऱ्या करायच्या, दरम्यान दात शिवशिवू नयेत म्हणून फ्लोराइड व्हार्निश लावायचे, हवा दुरुस्त करून घ्यायची, आणि हिरडीतून रक्त येणे थांबल्यावर दाताप्रमाणे साहित्य निवडायचे.

हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या सोपा आणि माणसाच्या दृष्टीने अवघड होता. त्या दिवशीची मजुरी गेली, एसटीचे भाडे गेले आणि फिलिंगही झाले नाही, हे बाईंना पटणे कठीण होते आणि त्यांचा राग रास्तच होता. डॉक्टरांनी त्यांना विचारले, "मावशी, कपाळाला तेल लागलेलं असलं तर टिकली चिकटते का?" त्या लगेच म्हणाल्या, "नाही, आधी पुसावं लागतं." दाताचेही तसेच आहे, आधी हिरडी बरी करू म्हणजे ते पुसल्यासारखे होईल, असे सांगितल्यावर त्या तयार झाल्या. पुढची तारीख आठवडी बाजाराच्या दिवसाला जोडून दिली, म्हणजे त्यांचा फेरा वाया जाणार नव्हता.

प्रत्यक्ष उपचार

पहिल्या दिवशी हिरडीखालचे उरलेले किटण नीट काढले, मऊ ब्रश दिला, घासण्याची पद्धत आरशात दाखवली आणि मशेरी सोडण्याविषयी बोलणे झाले. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो, हे त्यांना फिलिंगच्या चर्चेपलीकडे जाऊन स्वतंत्रपणे सांगितले. दरम्यान डॉक्टरांनी कंप्रेसरच्या रिंगा बदलून घेतल्या, हवेच्या नळीवर नवा फिल्टर आणि पाणी अडवणारा सापळा बसवला. टिश्यूची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा कागद कोरडा राहिला. तेलविरहित कंप्रेसर घेणे हा अधिक चांगला उपाय होता, पण खर्चामुळे तो पुढे ढकलावा लागला.

दोन बाजार उलटून बाई आल्या तेव्हा खालच्या पहिल्या उपदाढेभोवतीची हिरडी गुलाबी आणि घट्ट झाली होती, प्रोब फिरवल्यावर रक्त आले नाही. दुसऱ्या उपदाढेची खाच मात्र हिरडीच्या खाली उतरत होती आणि तेथे किंचित ओल टिकून होती. म्हणून दोन शेजारच्या दातांसाठी दोन वेगळे निर्णय घेतले.

पहिल्या उपदाढेवर भूल देऊन रबर डॅम, म्हणजे दात ओलीपासून वेगळा ठेवणारा रबराचा पातळ पडदा, बसवला आणि 212 क्रमांकाच्या क्लॅम्पने (दाताला धरणाऱ्या धातूच्या चिमट्याने) हिरडी खाली दाबून खाचेची कड उघडी केली. रबर डॅम हे साधन न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी 1864 साली आणले, तरी वेळ जातो आणि रुग्णाला आवडत नाही या कारणांनी आपल्या बहुतेक दवाखान्यांत ते कपाटातच राहते. लाळेइतकीच श्वासातली दमट हवाही ते दातापासून दूर ठेवते, हा फायदा सहसा ध्यानात घेतला जात नाही. प्युमिसच्या लगद्याने दात घासला, चकचकीत डेंटिन बारीक बरने खडबडीत केले, वरच्या बाजूच्या एनॅमलची कड तिरकी केली. आम्ल आधी एनॅमलवर आणि मग डेंटिनवर लावले, जेणेकरून डेंटिनवर ते 15 सेकंदच राहील.

येथे या प्रकरणातील सर्वांत बोलका क्षण आला. आम्ल धुऊन झाल्यावर क्लॅम्प किंचित हलला आणि डॅमच्या कडेतून थोडी ओल पुढच्या कोपऱ्यात शिरली. पांढऱ्या, धुरकट एनॅमलच्या एका कोपऱ्याला चकाकी आली, तीही तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या जागेत. मदतनीस मुलीने सवयीने हवेची सिरिंज पुढे केली. डॉक्टर थांबले. क्लॅम्प पुन्हा बसवला, दात धुतला, त्या भागावर 10 सेकंद पुन्हा आम्ल लावले, धुतले आणि कापसाच्या लहान बोळ्याने जादाचे पाणी टिपून घेतले. डेंटिन पूर्ण वाळवले नाही, कारण अतिवाळलेले कोलॅजन खाली बसते आणि रेझिनला वाट राहत नाही. या सगळ्याला दोनेक मिनिटे लागली असतील. माझ्या मते फिलिंग टिकणार की पडणार हे याच दोन मिनिटांत ठरले. पुढे बाँडिंग चोळून लावणे, हवेने पातळ करणे, प्रकाशाने कडक करणे आणि कंपोझिट थराथराने भरणे नेहमीप्रमाणे झाले.

दुसऱ्या उपदाढेवर रबर डॅम नीट बसणे शक्य नव्हते. तेथे औषध न लावलेली साधी कॉर्ड, म्हणजे हिरडी बाजूला सारणारा दोरा, हिरडीत सरकवली, पॉलिॲक्रिलिक आम्लाने पृष्ठभाग स्वच्छ करून धुतला आणि रेझिनयुक्त ग्लास आयनोमर भरले. वरच्या उपदाढेच्या फिलिंगला हातच लावला नाही. कडेची रेघ पॉलिश करून ते नजरेखाली ठेवायचे ठरले. जागेवर असलेले फिलिंग केवळ डागासाठी काढले तर प्रत्येक वेळी थोडा निरोगी दातही जातो.

निष्पत्ती

वर्षभरानंतरच्या तपासणीत खालच्या पहिल्या उपदाढेचे कंपोझिट जागेवर होते आणि कडेला डाग नव्हता. दुसऱ्या उपदाढेचे ग्लास आयनोमरही टिकले होते, मात्र त्याचा पृष्ठभाग खरखरीत झाला होता आणि रंग फिका पडला होता. वरच्या उपदाढेची तपकिरी रेघ थोडी वाढली असून तेवढाच भाग काढून दुरुस्त करण्याचे ठरले आहे. गार पाण्याने दात शिवशिवणे थांबले आहे. मशेरी पूर्ण सुटलेली नाही; सकाळची बंद झाली, रात्रीची चालू आहे. पुन्हा कराव्या लागणाऱ्या फिलिंगची नोंद डॉक्टरांनी वहीत चालू ठेवली आहे, आणि वरच्या पुढच्या दातांची फिलिंग विनाकारण पडण्याचा प्रकार त्यानंतर तेथे आढळलेला नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिले फिलिंग पडले तेव्हाच ते मागवून भिंगाखाली पाहायला हवे होते. रुग्णाला "पडलेला तुकडा घेऊन या" असे सांगण्याची पद्धत बहुतेक दवाखान्यांत नाही. वास्तविक दोष कोठे आहे याचा एवढा स्वस्त आणि थेट पुरावा दुसरा नाही.

बाँडिंग बदलण्याचा निर्णय कारण शोधण्यापूर्वी घेतला गेला, त्यामुळे नवे साहित्य जुन्याच चुकीवर बसले. साहित्य बदलणे केव्हा योग्य, याचे उत्तर तुटण्याची जागा देते: फिलिंग स्वतःच्या अंगातून मोडत असेल तर साहित्याकडे पाहावे, दातावरून अखंड सुटत असेल तर आधी पृष्ठभागाकडे. साहित्याची साठवण हाही तपासण्याचा मुद्दा आहे. बहुतेक बाँडिंगच्या बाटल्या 25 अंशांखाली ठेवायच्या असतात आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 44-45 पर्यंत जातो; वीज गेलेल्या दुपारी खिडकीजवळच्या ट्रेमध्ये उघडी राहिलेली, ॲसिटोन किंवा अल्कोहोल असलेली बाटली लवकर दाट होते. या प्रकरणात बाटली फ्रिजमध्येच होती, म्हणून ते कारण बाद ठरले.

आमच्या उपायांतही एक उणीव राहिली. हिरड्यांचा उपचार, हवेची दुरुस्ती, रबर डॅम आणि प्युमिस हे सगळे एकदमच केले, म्हणून या दातांच्या अपयशात रक्ताचा वाटा किती आणि तेलाचा किती हे सांगता येत नाही. रुग्णाला चौथ्यांदा धोक्यात न घालणे हे त्या वेळी योग्य होते. पण दवाखान्यापुरते पाहिले तर कंप्रेसर दुरुस्त करण्यापूर्वी, वहीतील वरच्या दातांच्या रुग्णांची पडलेली फिलिंग गोळा करून पाहता आली असती आणि तेलाच्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम झाला असता.

सर्वांत मोठा बदल वेळापत्रकात करायला हवा होता, आणि तो आता त्या दवाखान्यात झाला आहे. किटण काढणे आणि हिरडीलगतचे फिलिंग एकाच दिवशी करण्याचे टाळले जाते. बाहेरगावच्या रुग्णाचा फेरा वाचावा म्हणून दोन्ही एकत्र करण्याचा मोह होतो, पण पहिल्या दिवशी हिरड्या, व्हार्निश आणि दुसऱ्या बाजूच्या कोरड्या दातांचे काम उरकून घेतले, तर तो दिवस वाया जात नाही आणि हिरडीलाही बरे होण्यास अवधी मिळतो. टाकी रिकामी करणे, टिश्यूची चाचणी आणि हँडपीस चालवून तेल काढणे ही तिन्ही कामे आता कामाच्या यादीत लिहून सिरिंजशेजारी चिकटवली आहेत, आणि दररोज सकाळी पहिला रुग्ण खुर्चीत बसण्याआधी मदतनीस मुलगी त्यापुढे सही करते.